मुलांचं ऐकणारं माणूस शाळेत हवं

ताई, दादा, पालकसभेत तुम्ही काय काय विचारता ते मी बरीच वर्षं ऐकत आले आहे. शिक्षक पूर्ण आहेत का? गणवेश कधी मिळणार? खिचडीत अळ्या निघाल्या होत्या, त्याचं पुढे काय झालं? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी का नाही? हे सगळे प्रश्न योग्य आहेत, आणि तुम्ही ते विचारले म्हणूनच पुष्कळ शाळांमध्ये कड्या बसल्या. त्यात आणखी एक प्रश्न घाला, एवढं सांगायला हे लिहिते आहे. आमचं लेकरू जे आम्हालाही सांगत नाही, ते या शाळेत कुणाला सांगू शकतं?

जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि महापालिकेच्या बहुतेक शाळांत या प्रश्नाचं उत्तर एका माणसाकडे बोट दाखवून देता येत नाही. ‘सगळेच शिक्षक आहेत की’ असं सांगितलं जातं. पण जे काम सगळ्यांचं म्हणून ठेवलं जातं, ते कुणाच्याच वेळापत्रकात बसत नाही.

‘एवढंसं पोर, त्याला कसलं आलंय टेन्शन?’ हे वाक्य मी आयांकडून ऐकलंय, आज्यांकडून ऐकलंय, मुख्याध्यापकांकडूनही ऐकलंय. त्यात प्रेम नसतं असं नाही. आपण सोसलं ते मुलांना सोसावं लागू नये म्हणून तुम्ही राबता, आणि म्हणूनच त्यांना काही सोसावं लागतंय हे पटायला जड जातं. पण बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. काही राज्यांत घरोघरी जाऊन केलेल्या या पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी सात टक्क्यांहून थोड्या जास्त मुलांना मानसिक आजाराचा त्रास असल्याचं दिसलं. चाळीस मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. त्यात अशी तीन मुलं असतील. शिवाय आजार म्हणाव्या इतक्या नाहीत पण मन रोज दुखवत राहतात, अशा गोष्टींनी वेढलेली मुलं वेगळीच.

आपल्याकडच्या सरकारी शाळांतली मुलं कोणत्या घरांतून येतात हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आई-बाप ऊसतोडीला जातात. मुलं आजीजवळ राहतात किंवा हंगामी वसतिगृहात. सहा महिने आईचा आवाज फोनवर, तोही रेंज असली तर. नवव्या वर्षी एखादी मुलगी धाकट्या भावाची आई झालेली असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी वर्गांत असं एखादं मूल बसलेलं असतं, ज्याच्या बापाने कर्जापायी जीव दिलाय. ते मूल पुढच्या आठवड्यात शाळेत येतं, हजेरी लागते, आणि गणिताचा तास सुरू होतो. त्याच्याशी त्या विषयावर कुणी एक शब्द बोलत नाही. बोलावं कसं, हे कुणालाच ठाऊक नसतं. मुंबई-पुण्यातल्या वस्त्यांत दहा बाय दहाच्या खोलीत बापाची दारू, रोजची भांडणं, घर पाडायची नोटीस. तिथे अभ्यास नीट करत नाही म्हणून मुलाला बोल लावायचा, म्हणजे त्याच्या हाताबाहेरच्या गोष्टींची शिक्षा त्याला द्यायची.

हे दुःख शब्दांतून बाहेर येत नाही, हीच अडचण आहे. ते पोटातून बाहेर येतं. दर सोमवारी सकाळी पोट दुखतं. डोकं दुखतं. उलटीसारखं होतं. आठ-नऊ वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. खिचडीचं ताट तसंच राहतं. बडबडी पोर गप्प होते, नाहीतर गप्प पोरगा मारामाऱ्या करायला लागतो. मुली केस विंचरायचं सोडतात. आणि शेवटी हजेरीपटावर गैरहजेरीची रांग लागते. त्या रांगेला आपण ‘शिक्षणात गोडी नाही’ असं नाव देऊन मोकळे होतो. मुलगा कामाला लागतो, मुलीचं लग्न ठरतं. मनाचा त्रास होता याची नोंद कुठेच राहत नाही. सरकारी शाळांत ही अडचण फारशी नाही असं कुणी म्हणालं, तर मला हा हजेरीपटच आठवतो.

एक आकडा सांगते, आणि तो सांगताना मला त्रास होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. शाळा आणि कॉलेज, दोन्ही धरून. सगळ्या राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता.

‘आम्ही आहोत ना घरी, मग शाळेत वेगळं माणूस कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही. मुलं ज्यांच्यावर जीव टाकतात, त्यांच्यापासूनच सगळ्यात जास्त लपवतात. आई आधीच रडते, तिला आणखी कशाला सांगू? बापाला कळलं तर तो मारायला धावेल, किंवा समोरच्याच्या घरी जाऊन तमाशा करेल. नात्यातल्याच कुणी अंगाला हात लावला असेल, तर घरात सांगायचं कुणाला? काही वेळा तर मूल ज्या गोष्टीने पिचलंय, ती गोष्ट आपणच असतो. आपलं भांडण, आपलं व्यसन, ‘त्या अमक्याचा पोरगा बघ’ हे आपलं रोजचं वाक्य. मी कुणाला दोष देत नाही. पण घराबाहेर, तरीही मुलाच्या रोजच्या वाटेवर, एक भरवशाचं माणूस असायला हवं. ती जागा शाळाच आहे. गावातल्या मुलाला तालुक्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं तर एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडते, आणि तालुक्याला असा डॉक्टर असेलच असंही नाही. शाळेत मात्र ते रोज स्वतःच्या पायांनी येतं.

मग ते माणूस म्हणजे वर्गशिक्षकच का नको?

शिक्षकांवर माझा राग नाही. कित्येक गुरुजींनी आणि बाईंनी मुलांना अक्षरशः हाताला धरून वाचवलंय, हे मी पाहिलंय. पण दोन शिक्षकी शाळेत एकेक जण दोन-तीन वर्ग सांभाळतो. त्याच्यामागे खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं लागलेली असतात. शांत बसून अर्धा तास एका मुलाचं ऐकायला त्याच्याकडे अर्धा तास नसतो. दुसरं असं की, गुण देणारा, वही तपासणारा, रागावणारा तोच. ज्याच्या रागाची भीती वाटते त्याच्यापाशी मन उघडं करणं मोठ्या माणसालाही जमत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलांना मारायला बंदी आहे आणि मानसिक छळालाही बंदी आहे. तरीही ‘तुझ्या डोक्यात भुसा भरलाय’ हे वर्गात ऐकून घेणारी मुलं आहेत. त्यांनी ते सांगायचं कुणाला?

हे नुसतं माझं मत असतं तर मी एवढ्या ठामपणे बोलले नसते. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत नववीच्या मुलांसाठी एक मोठा प्रयोग झाला. त्यामागे गोव्यात १९९६ साली सुरू झालेली ‘संगथ’ ही संस्था होती. शाळांचे तीन गट केले. एका गटात बाहेरचं, खास या कामासाठी शिकवून तयार केलेलं माणूस शाळेत नेमलं. ते डॉक्टर नव्हतं की मानसशास्त्रज्ञ नव्हतं, त्याच भागातलं साधं माणूस होतं. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाला शिकवून त्याच्यावर सोपवलं. तिसऱ्या गटात यातलं काहीच नाही. काम काय होतं? मुलांचं एकेकट्याने ऐकायचं. मनातलं लिहून टाकायला एक पेटी ठेवायची आणि ती वेळच्या वेळी उघडायची. भित्तिपत्रक चालवायचं. मुलं, शिक्षक आणि पालक यांची समिती बसवायची. त्याचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. जिथे स्वतंत्र माणूस होतं, त्या शाळांतलं वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी कमी झाली, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. जिथे शिक्षकावरच ते काम टाकलं होतं, तिथे तिसऱ्या गटातल्या शाळांपेक्षा वेगळं काही घडलं नाही.

हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. खर्च वाचवायचा म्हणून पहिली सूचना नेहमी तीच येते, शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या, झालं. प्रशिक्षण जरूर द्या. मुलाचा बदललेला चेहरा ओळखायला शिक्षकाला शिकवलंच पाहिजे. पण ओळखल्यावर त्या मुलाला घेऊन जायला शाळेत एक दार असलं पाहिजे. आणि त्या दारामागे बसायला मोठी पदवी घेतलेलाच माणूस हवा असंही नाही, नीट शिकवलेलं आणि त्याच कामाला ठेवलेलं माणूस चालतं. आपल्या गरीब जिल्ह्यांसाठी ही फार आशेची गोष्ट आहे.

खासगी शाळांकडे पाहा. सीबीएसईच्या माध्यमिक शाळांना मान्यतेच्या नियमांतच समुपदेशक नेमायची अट आहे. जे पालक लाखभर फी भरतात त्यांच्या मुलांना हे माणूस मिळतं. आपल्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेलं शाळांच्या निकषांचं परिशिष्ट काढून बघा. किती मुलांमागे किती शिक्षक, सहावी ते आठवीत शंभरच्या वर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक, खोल्या, पाणी, कुंपण, सगळं आहे. समुपदेशक मात्र नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते शाळांशी जोडावेत असं म्हटलंय, पण धोरणातल्या वाक्याने शाळेत खुर्ची येत नाही.

मंजूर पद नसलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एखादी संस्था तीन वर्षांचा प्रकल्प घेऊन येते, ताई शाळेत यायला लागतात, मुलं हळूहळू बोलायला लागतात, आणि प्रकल्प संपतो. किंवा मानधनावर, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर कुणाला तरी घेतात आणि पुढची ऑर्डर येतच नाही. पोराने मोठ्या मुश्किलीने ज्याच्यापाशी तोंड उघडलं, ते माणूस एक दिवस न सांगता नाहीसं होतं. आईबाप कामासाठी दूर गेलेल्या मुलाला हे फार लागतं. त्याला वाटतं, आणखी एक जण गेलं. पुढच्या वेळी ते बोलत नाही. म्हणून नुसती नेमणूक मागून भागत नाही, ती टिकवायला आपण मागे लागावं लागतं.

श्रीमंत देशातही हे आपोआप टिकत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या युवाल्डी गावच्या शाळेत मे २०२२ मध्ये गोळीबार झाला. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर महिनाभरात तिथल्या संसदेने दोन्ही पक्षांच्या मतांनी कायदा केला आणि सरकारी शाळांत मनाच्या आरोग्यासाठी माणसं नेमायला सुमारे एक अब्ज डॉलर ठेवले. शाळांनी माणसं घेतली, गावागावांत कामं सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये सरकार बदललेलं होतं. नव्या सरकारने ते अनुदान पुढे चालू ठेवणार नसल्याचं कळवलं. अनेक राज्यं त्याविरुद्ध कोर्टात गेली. आपली कितीतरी मराठी माणसं तिथे आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांची मुलं तिथल्या सरकारी शाळांतच शिकतात, त्यामुळे ही बातमी तशी लांबचीही नाही.

आपल्याकडे टिकलेली एक गोष्ट आठवा. शाळेतली खिचडी. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, पण पुष्कळ वर्षं बऱ्याच राज्यांत मुलांना शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं, महिन्याचा तांदूळ घरी दिला जाई. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शिजवलेलं जेवण शाळेतच द्या. तेव्हाही ‘शाळा म्हणजे काय खानावळ आहे का’ असं म्हणणारे होते. आज कुठल्याही पक्षाच्या सरकारला खिचडी बंद करायची छाती होणार नाही. एके दिवशी शिजली नाही तर तुम्ही शाळेच्या दारात उभे राहता, म्हणून ती शिजते.

मनाच्या आधाराबद्दलही सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आता आपल्या हातात आहे. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला तिच्या वडिलांनी लढवला. त्यात २५ जुलै २०२५ ला न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांनी देशातल्या सर्व शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. याबद्दल कायदा होईपर्यंत त्या सर्वांना बंधनकारक आहेत. शाळांनाही. त्यात म्हटलंय की, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे. त्याहून लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. मुलांना चारचौघांत अपमानित करायचं नाही, गुणांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत. मदतीचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावायचे. पालकांसाठीही कार्यक्रम घ्यायचे. एका बापाने आपली लेक गेल्यावर हे मिळवलंय. आपण ते वाचायचेही कष्ट घेतले नाहीत तर ते कागदावरच राहील.

आता तुमच्या मनातल्या भीतीविषयी बोलते, कारण तुम्ही ती सभेत बोलत नाही, सभा संपल्यावर बाजूला घेऊन बोलता. ‘घरातलं सगळं चव्हाट्यावर येईल.’ ‘पोरीचं नाव झालं तर उद्या लग्न कसं जमायचं?’ ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं म्हणतील.’

नीट शिकलेलं माणूस मुलाचं बोलणं गावभर सांगत नाही. ते शिक्षकांच्या खोलीतही सांगत नाही. आणि हे ऐकायला जड जाईल, पण ते सगळं तुम्हालाही सांगणार नाही. मैत्रिणीशी अबोला, शाळेतल्या एखाद्या मुलाविषयी वाटणारी ओढ, तुमच्या भांडणाने आलेलं रडू, हे त्या मुलाचं आहे, ते त्याच्याजवळच राहू द्या. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी त्याला इजा करत असेल, तर मात्र ते गप्प बसणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवावीच लागते, तिथे कुणालाही ‘मिटवून टाकू’ म्हणता येत नाही. काय गुप्त राहील आणि काय नाही, या दोन्ही गोष्टी त्याने मुलाला पहिल्याच दिवशी सांगायच्या असतात. तुम्हीही त्याला विचारा, आमच्या मुलाचं काय गुप्त ठेवाल आणि कशात आम्हाला बोलवाल? चांगलं माणूस याचं सरळ उत्तर देईल.

मुलगा समुपदेशकाच्या खोलीतून बाहेर आला की ‘काय विचारलं? तू काय सांगितलंस?’ असं खोदून विचारू नका, एवढं मात्र कराच. भूक लागलीय का, एवढं विचारलं तरी पुरे. सांगायचं असेल ते तो सांगेल. आणि कुणी देवऋष्याकडे गेला असाल, दर्ग्यावर धागा बांधून आला असाल, तर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. आपल्या लेकरासाठी माणूस कुठेही जातो. फक्त त्यापायी शाळेतल्या माणसाशी बोलणं बंद करू नका, आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या मनाने थांबवू नका.

कधी मूल म्हणतं, ‘मी मेलो असतो तर बरं झालं असतं.’ तेव्हा ‘असं वंगाळ बोलू नये’ म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. शेजारी बसा आणि शांतपणे थेट विचारा, तुला स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय का? असं विचारल्याने ते मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट त्याला वाटतं की कुणीतरी ओळखलं. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. १४४१६ या नंबरवर फोन करा. हा सरकारचा टेलि-मानस आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलतात. मुलांसाठी १०९८ आहेच. हे दोन नंबर मुलांना पाठ करायला लावा. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत राज्य मंडळही विभागवार समुपदेशकांचे नंबर देतं. पण परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, आणि मुलाचं मन जूनपासून चालू असतं.

हे सगळं मागायचं कुणाकडे? ही ताकद कायद्याने तुम्हाला दिलेली आहे आणि ती बहुतेक ठिकाणी वापराविना पडून आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा तीच समिती करते. कित्येक गावांत हा आराखडा मुख्याध्यापक एकटे भरतात आणि सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. सही करायच्या आधी त्यात समुपदेशकाची गरज लिहिली आहे का, ते पाहा. ताईंनो, विशेषकरून तुम्ही. समितीत तुमचं नाव नुसतं खुर्ची भरायला घातलेलं नसतं.

शाळेत शंभर मुलं असतील तर मागणी सरळ आहे, न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे माणूस द्या. पण आपल्या हजारो जिल्हा परिषद शाळांत वीस-तीस मुलंच आहेत. तिथे एकेका शाळेला माणूस मिळणार नाही, हे मान्य करू. तेव्हा शाळांचं केंद्र हा घटक धरा. एका केंद्रातल्या दहा-बारा शाळा मिळून एक समुपदेशक, आणि प्रत्येक शाळेत त्याचा ठरलेला वार. गुरुवार म्हणजे गुरुवार. वार ठरलेला असला की मूल आठवडाभर धीर धरतं. शिवाय आरोग्य खात्याच्या ज्या सेवा आधीपासून आहेत, त्या शाळेला जोडून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यातलं पथक गाडी घेऊन शाळेत तपासणीला येतंच, त्यांना फक्त दात आणि वजन बघून जाऊ देऊ नका. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतात. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ पासून काही जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आहे. कुठल्या मुलाला कुठे न्यायचं, कुणाला फोन करायचा, गाडीभाडं कोण देणार, हे एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या काचेखाली असलं पाहिजे. भाड्याचा प्रश्न ग्रामसभेत काढा. ग्रामपंचायतीने उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून यासाठी काय देता, हे सरपंचांना विचारायला काहीच हरकत नाही.

काही गोष्टींना नाही म्हणायलाही शिका. वर्षातून एक व्याख्यान ठेवलं, पाहुण्यांना नारळ दिला, फोटो वर पाठवला, याला आधार म्हणत नाहीत. समुपदेशक आले आणि त्यांना रजेवरच्या शिक्षकाच्या वर्गावर बसवलं किंवा ऑनलाइन माहिती भरायला बसवलं, तर तुम्ही हटकायला हवं. दंगा करणाऱ्या मुलाला ‘जा, तुला समुपदेशनाला पाठवतो’ असं शिक्षा म्हणून सांगितलं, तर त्या खोलीकडे दुसरं एकही मूल फिरकणार नाही. त्या खोलीला दार हवं, आणि ती कार्यालयाच्या वाटेवर नको, म्हणजे कोण आत गेलं याची चर्चा होत नाही. भिंतीवर तक्रारपेटी लावलेली असेल तर तिची किल्ली कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली, ते विचारा. पुष्कळ पेट्यांच्या कुलपांना गंज चढलाय.

समितीची सभा महिन्याला व्हायला हवी. पुढच्या सभेत हा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला आठवडाभर आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या, दोन-तीन पालकांच्या सह्यांनिशी. सभेत ठराव मांडा. त्यात मुलांची पटसंख्या, २५ जुलै २०२५ च्या आदेशाचा उल्लेख, आणि समुपदेशक किंवा ठरलेल्या वाराची मागणी, एवढं लिहा. केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना ठराव पाठवायचा आहे, हेही ठरावातच नोंदवा. इतिवृत्ताच्या वहीत तो उतरला की नाही ते स्वतः वाचून पाहा, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आपल्या मुलीकडून वाचून घ्या, आणि सही-शिक्क्याची नक्कल मागून घरी ठेवा.